म्यानावाचून पिस्तूल

विजयादशमीच्या दिवशी महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या घरांतून शस्त्रपूजन होते. माळ्यावरची तलवार खाली येते, वर्षभराची धूळ पुसली जाते, आणि ती पाटावर मांडली जाते तेव्हा तिच्याजवळ तिचे म्यानही असते. पाते गंजलेले असेल, म्यानावरची मखमल विटलेली असेल. परंतु एकावाचून दुसरे अपुरे आहे, ही जाणीव त्या मांडणीत असते. तलवार बाळगणाऱ्या पिढ्यांना म्यानाचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. उघडे पाते कमरेला खोचून घोड्यावर मांड टाकणारा स्वार शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच स्वतःची मांडी चिरून घेईल, हे कोणालाही दिसत होते. धार डोळ्यांना दिसते, म्हणून तिचे भय वाटते. आणि भय वाटते म्हणूनच काळजी घेतली जाते.

पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. त्याला धार नाही, टोक नाही. कमरेला खोचले असता ते बोचत असेल, पण कातडी कापीत नाही. त्याचा सारा घात काडतुसाच्या पोटात दडलेला असतो. यामुळेच जी माणसे उघडा सुरा खिशात घालण्याची कल्पनाही करणार नाहीत, ती भरलेले पिस्तूल विजारीच्या कमरेत खुशाल खोचतात. या सवयीस चित्रपटांनी मोठाच हातभार लावला आहे. पडद्यावरचा नायक पिस्तूल पाठीमागे खोचतो, वरून सदरा सोडतो, भिंतीवरून उडी मारतो, धावत्या गाडीत चढतो, आणि पिस्तूल जागचे हलत नाही. ते रिकामे असते किंवा मुळात खोटेच असते, याचा प्रेक्षकांना विसर पडतो.

पिस्तुलालाही म्यान असते. त्यास होल्स्टर असे म्हणतात. ते कातड्याचे असते, जाड नायलॉनचे असते, किंवा अलीकडे पिस्तुलाच्या आकाराबरहुकूम साच्यातून काढलेल्या टणक प्लास्टिकचे असते. पाहणाऱ्यास ती केवळ एक पिशवी वाटते. परंतु त्या पिशवीवाचून भरलेले पिस्तूल अंगावर लपवून बाळगणे किती धोक्याचे आहे, हे कळण्यासाठी प्रथम त्या यंत्राची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे.

काडतूस म्हणजे एक लहानशी पितळी नळकांडी. तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाशी एक छोटी टोपी असते. त्या टोपीवर नेमका आघात झाला की ठिणगी पडते, दारू पेट घेते आणि गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम सहा ग्रॅम वजनाची, आठ मिलिमीटर जाडीची असते. परंतु ती सेकंदाला दोनशे मीटरांहून अधिक वेगाने जाते. रिव्हॉल्व्हर काय किंवा पिस्तूल काय, ते टोपीवर आघात करणारे एक यंत्र होय. रिव्हॉल्व्हरमध्ये हा आघात घोडा करतो. पुष्कळ अर्वाचीन पिस्तुलांत स्प्रिंगने ताणलेली पिन तो आतल्या आत करते. दोहोंतही आघाताची आज्ञा देणारा भाग एकच, आणि तो म्हणजे चाप.

सर्व अनर्थाचे मूळ या चापातच आहे. चाप बोटाने ओढला की सदऱ्याच्या टोकाने, हे यंत्रास कळत नाही. विजारीची नाडी, किल्ल्यांचा जुडगा, पेनाचे टोक, पट्ट्याची सैल झालेली जीभ, यांपैकी काहीही चापाभोवतीच्या कड्यात शिरले आणि पुरेसा दाब पडला, तर यंत्र आपले काम करते. रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली असता चाप पूर्णपणे ओढण्यास साधारणतः साडेचार-पाच किलोंचा जोर लागतो. घोडा चढवलेला असला तर दोन किलोंच्या आतबाहेरचा जोर पुरतो. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल स्वीकारले आणि पिस्तुलांच्या घडणीत एक नवे युग सुरू झाले. त्या पिस्तुलास बाहेरून लावावयाचा सुरक्षेचा खटका नाही. आत तीन निरनिराळ्या अडसरांची योजना आहे, आणि चाप ओढला की ते तिन्ही अडसर क्रमाने दूर होतात. अडीच किलोंच्या आसपास जोर आणि सुमारे बारा मिलिमीटरांची हालचाल, एवढ्याने ते काम होते. म्हणजे चापावर काही येणार नाही, तो झाकलेला राहील, असे गृहीत धरूनच ही रचना झालेली आहे. ते झाकण म्हणजे होल्स्टर. ते काढून टाकणे म्हणजे यंत्राचा एक भागच काढून टाकणे होय.

दुसरा धोका पडण्याचा. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असे. असे शस्त्र घोड्याच्या बाजूने जमिनीवर आपटले की चाप न ओढताही बार उडे. म्हणून १८७३ सालच्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे असूनही जाणते लोक पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर मोकळे ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या एका युद्धनौकेवर रिव्हॉल्व्हर पोलादी तक्तपोशीवर पडून उडाले आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन या कारखान्याने घोडा अडवून धरणारी नवी पट्टी बसवण्यास प्रारंभ केला. आजची बहुतेक शस्त्रे पडली तरी उडू नयेत अशा रीतीने बनवलेली असतात. तथापि हा भरवसाही निरपवाद नाही. २०१७ साली सिग सॉवर कंपनीचे पी-३२० हे नव्या घडणीचे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास उडू शकते असे दिसून आले, आणि कंपनीस त्यात सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. शिवाय भारतात पिढीजात परवान्यावरची जुनी शस्त्रे अनेक घरांत आहेत. त्यांचे अडसर झिजलेले असतात.

हे धोके रोजच्या जीवनात कसे उभे राहतात हे पाहण्यासाठी एखादी ओळखीची वसाहत डोळ्यांपुढे आणावी. बंगळूर शहर मराठी माणसास परके नाही. १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण होते. त्याच शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्ता आणि सरजापूर रस्ता यांच्या मधल्या भागात, एचएसआर लेआउट ही आखीव वसाहत उभी आहे. त्या दोन रस्त्यांच्या नावांची आद्याक्षरे घेऊनच तिचे नाव पडले. एका कडेला अगरा तलाव, दुसऱ्या कडेला सिल्क बोर्डाचा गजबजलेला चौक, मध्ये बंगले, उंच इमारती, लहानमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आणि उपाहारगृहे, असे तिचे रूप आहे. या वसाहतीत राहणारा एक व्यावसायिक कल्पावा. आत्मरक्षणासाठी त्याने परवाना मिळवला आहे, ३२ बोअरचे पिस्तूल विकत घेतले आहे, आणि होल्स्टरची अडचण नको म्हणून तो ते विजारीच्या कमरेत, उजव्या बाजूस, पाठीकडे खोचून निघतो.

बुटाचे बंद बांधण्यासाठी तो वाकतो. वाकले की पोट आत जाते, पट्टा सैलावतो, आणि पिस्तूल एका अंगास कलते. उभे राहिल्यावर तो हाताने चाचपून ते सरळ करतो. दिवसभरात असे चाचपणे अनेकदा घडते, आणि प्रत्येक वेळी बोटे चापाच्या जवळून फिरतात. शिवाय लपवलेले शस्त्र कोठे आहे हे पाहणाऱ्यास आपोआप कळते. मोटारीत बसल्यावर पाठीमागची गादी मुठीस वर ढकलते आणि पिस्तूल टोचू लागते. सिल्क बोर्डाच्या चौकात गाड्यांची रांग हलत नाही. घाम येतो, सदरा चिकटतो. कंटाळून तो पिस्तूल काढतो आणि शेजारच्या आसनावर किंवा दाराच्या खणात ठेवतो. पुढची गाडी अचानक थांबते, तो ब्रेक दाबतो, आणि पिस्तूल घसरून पायाशी जाते. रस्त्यावरची नजर न काढता तो हात खाली घालून ते धुंडाळतो. न दिसणाऱ्या वस्तूस हात लागतो तेव्हा बोट प्रथम कोठे जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

दुपारी कचेरीच्या प्रसाधनगृहात पट्टा सोडावा लागतो. केवळ पट्ट्याच्या ताणाने अडकून राहिलेले पिस्तूल ताण सुटताच निसटते आणि फरशीवर आपटते. सायंकाळी घरी आल्यावर मूल धावत येऊन कमरेस मिठी मारते. त्या लहान हाताखाली काय आहे, हे मुलास ठाऊक नसते आणि त्या क्षणी बापासही आठवत नाही. या दिवसात कोणी हल्लेखोर आला नाही, कोणाशी भांडण झाले नाही. परंतु पाच-सहा वेळा मृत्यू अगदी जवळून गेला.

पिस्तूल कमरेत खोचलेले असताना नळीचे तोंड कोठे असते, हाही विचार करण्यासारखा आहे. पुढच्या बाजूस खोचले तर ते जांघेकडे असते. तेथून मांडीची मोठी रोहिणी जाते. ती तुटल्यास रक्तस्राव इतका वेगाने होतो की काही मिनिटांत माणूस दगावतो. पाठीकडे खोचले तर नितंब, खुबा आणि पायाच्या मज्जातंतू तिच्या टप्प्यात येतात. आणि नळी वाकडी झाली तर शेजारून चालणारा अनोळखी माणूसही सुरक्षित राहत नाही.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. २००८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क शहरातील एका रात्रगृहात प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा विख्यात खेळाडू गेला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने आपल्या संघास देशाचे विजेतेपद मिळवून देणारा झेल घेतला होता. त्याच्याजवळ भरलेले ग्लॉक पिस्तूल होते. होल्स्टर नव्हते, पिस्तूल खेळाच्या ढगळ विजारीच्या कमरेत नुसते खोचलेले होते. जिना चढउतार करताना म्हणा, गर्दीत म्हणा, ते सैल होऊन विजारीच्या पायात घसरू लागले. ते खाली जाऊ नये म्हणून त्याने वरूनच हाताने पकडले, आणि त्या पकडीत चाप दाबला गेला. गोळी त्याच्या उजव्या मांडीतून गेली. तो वाचला, परंतु न्यूयॉर्कमध्ये शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याच्याजवळ नसल्याने त्यास दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. २०११ च्या जूनमध्ये तो सुटला. विलक्षण हातांच्या बळावर ज्याने कीर्ती मिळवली, त्याचाच हात त्या एका क्षणी त्याला घातक ठरला.

या प्रसंगात एक मोठा धडा आहे. पडणारी वस्तू झेलणे हा मनुष्याचा उपजत स्वभाव आहे. पेला निसटला की हात पुढे जातो; तेथे विचारास अवकाश नसतो. शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक रॉजर एनोका यांनी अनिच्छेने चाप ओढला जाण्याची तीन कारणे सांगितली आहेत. एक हात जोराने आवळला की दुसऱ्या हाताचे स्नायूही आवळले जातात. तोल गेला की सावरताना मूठ घट्ट होते. आणि दचकले की बोटे आपोआप मिटतात. या तिन्ही वेळी बोट चापावर असेल तर इच्छा नसतानाही बार उडतो. म्हणूनच शस्त्र शिकवणारे गुरू एक विचित्र वाटणारा नियम घालून देतात : हातातून पिस्तूल निसटले तर ते पडू द्यावे. पडलेले अर्वाचीन पिस्तूल बहुधा उडत नाही. झेललेले मात्र उडू शकते. परंतु उपजत स्वभावाविरुद्धचा हा नियम आयत्या वेळी आठवेल याचा भरवसा नसतो. ते पडूच नये अशी तजवीज करणे हाच खरा उपाय, आणि ती तजवीज होल्स्टर करते.

पडलेल्या शस्त्राचे उदाहरण मुंबईतही घडले आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा जुहू येथील आपल्या घरून कोलकात्यास निघण्याच्या तयारीत होता. आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवीत असता ते हातातून निसटून पडले, बार उडाला आणि गोळी डाव्या पायास लागली. रुग्णालयात शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि चार-पाच दिवसांत तो घरी परतला. हा शस्त्र अंगावर बाळगण्याचा प्रसंग नव्हे. परंतु स्वतःच्या घरी, स्वतःच्याच हाती असलेले, कायदेशीर परवान्याचे शस्त्र क्षणभर हातातून सुटले तर काय होते, हे साऱ्या महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. घरातल्या शांत पहाटे जे घडले, ते गर्दीच्या रस्त्यावर, बसमध्ये किंवा लग्नमंडपात घडले असते तर गोळी कोणाच्या अंगात शिरली असती, हे सांगता येत नाही.

होल्स्टर आहे म्हणजे सारे झाले, असेही नाही. ते चांगले हवे. २ जून २०१८ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात केंद्रीय तपासयंत्रणेचा एक अधिकारी सुट्टीच्या वेळी मद्यगृहात नाचत होता. नाचता नाचता त्याने मागे कोलांटी मारली. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल निसटून जमिनीवर पडले. पडल्याने ते उडाले नाही. त्याने घाईघाईने ते उचलले, आणि उचलताना बार उडून जवळच्या एका माणसाच्या पायास गोळी लागली. शस्त्राचे शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याची ही गत, तर कधीमधी नेमबाजी करणाऱ्या गृहस्थाची काय कथा!

आणि जे शस्त्र अंगावर नाही, पिशवीत आहे, त्याचा धोका आणखी निराळा. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील हेडन या गावी एक तरुण माता दुकानात खरेदीस गेली होती. भरलेले पिस्तूल तिच्या पर्समध्ये, त्यासाठीच केलेल्या कप्प्यात होते. पर्स ढकलगाडीत होती आणि गाडीत तिचा दोन वर्षांचा मुलगा बसला होता. आईची नजर वस्तूंकडे गेली तेवढ्यात मुलाने कप्पा उघडला. आई जागीच मरण पावली. या घटनेवर भाष्य करणे कठीण आहे. भारतात २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या शस्त्रनिर्मिती कारखान्याने अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, आणि ते पर्समध्ये सहज मावते याची पुष्कळ चर्चा झाली. पर्समध्ये मावते एवढ्याने ते पर्समध्ये सुरक्षित राहते असे होत नाही. किल्ल्या, कंगवा, नाणी आणि लेखणी यांच्या सहवासात चाप उघडा राहिला तर धोका, आणि पर्स खाली ठेवून पाठ फिरवली तर त्याहून मोठा धोका.

या साऱ्या उदाहरणांतून होल्स्टरचे कार्य आपोआप स्पष्ट होते. चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्णपणे झाकणे, इतके की बाहेरून दाबले तरी आत काही पोहोचू नये, हे पहिले कार्य. वाकले, धावले, पडले तरी शस्त्र जागेवर धरून ठेवणे हे दुसरे. नळीचे तोंड आणि मूठ नेहमी एकाच दिशेस ठेवणे हे तिसरे. कारण मूठ नेमकी कोठे आहे हे हातास ठाऊक असले म्हणजे चाचपडण्याचा प्रसंग येत नाही. घाम, धूळ आणि कपड्यांचे तंतू यांपासून यंत्राचे रक्षण करणे हे चौथे. ही चार कार्ये करणारे होल्स्टर त्या विशिष्ट शस्त्राच्या मापाचे असावे लागते आणि ते जाड, ताठ पट्ट्यावर बसवावे लागते. ढिल्या, लिबलिबीत पिशवीत पिस्तूल घातले तर तिचीच कड आत मुडपून चापावर येते. जुने कातडे मऊ पडले की तेही असाच दगा देते.

एक सूचना विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिस्तूल बाहेर काढताना जितका धोका असतो, त्याहून तो परत ठेवताना अधिक असतो. बाहेर काढण्याची निकड असू शकेल. परत ठेवण्याची कधीच नसते. सदरा बाजूस सारावा, बोट चापापासून दूर, नळीच्या अंगास सरळ ठेवावे, डोळ्यांनी पाहून सावकाश शस्त्र आत सरकवावे, आणि किंचितही अडथळा जाणवला तर जोर न करता थांबावे. कमरेतच खोचणाऱ्यास यांपैकी काहीच करता येत नाही. तो पाठीमागे, न पाहता, कपड्यांच्या घड्यांत भरलेले शस्त्र ढकलीत असतो.

होल्स्टर न वापरणाऱ्यांचे काही युक्तिवाद असतात. ते बाहेरून दिसते, हा पहिला. हा आक्षेप एकेकाळी खरा होता. आता विजारीच्या आतल्या अंगास बसणारी पातळ होल्स्टरे सहज मिळतात, आणि जागचे न हलणारे शस्त्र चाचपाव्या लागणाऱ्या शस्त्रापेक्षा अधिक चांगले लपते. त्यातून काढण्यास वेळ लागतो, हा दुसरा. खरे पाहता ठरलेल्या जागी असलेली मूठ हातास लवकर सापडते. घसरून वाकडे झालेले पिस्तूल आयत्या वेळी शोधावे लागते. पिस्तुलास सुरक्षेचा खटका आहे, हा तिसरा. खटका ही चांगली सोय आहे. परंतु कपड्यांच्या घर्षणाने तो नकळत खाली सरकतो, आणि तो लावावयाचे विसरणाराही माणूसच असतो. पहिले घर रिकामे ठेवले की भीती नाही, असेही कोणी म्हणतात. या उपायाने धोका कमी होतो हे मान्य केले पाहिजे. पण घर रिकामे असल्याची खातरजमा रोज करावी लागते, आणि ‘रिकामे आहे असे वाटले’ हे वाक्य अशा अपघातांनंतर वारंवार ऐकू येते.

भारतीय कायद्यानेही या बाबतीत मौन पाळलेले नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखाली २०१६ साली जे नवे नियम झाले, त्यांतील बत्तिसावा नियम सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसे न्यावे हे सांगतो. हाती धरण्याचे छोटे शस्त्र एकतर अंगास जोडलेल्या होल्स्टरमध्ये असावे, किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे. आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे विजारीत नुसते खोचलेले पिस्तूल परवाना असूनही नियमात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बंगळूर, मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत परवाना देण्याचा अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो. ज्याने दिला तो काढूनही घेऊ शकतो.

इतके करूनही अपघात झालाच, तर पहिले काम शस्त्र दूर, सुरक्षित ठेवण्याचे. दुसरे, जखमेवर स्वच्छ कापडाने दोन्ही हातांनी घट्ट दाब देण्याचे. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबाने ती थांबत नसेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूस, रुंद पट्टी आवळून बांधावी. एकशे आठ किंवा एकशे बारा या क्रमांकावर तत्काळ साहाय्य मागावे. लाजेपायी किंवा पोलिसांच्या भीतीने गेलेली पहिली पाच मिनिटे पुन्हा मिळत नाहीत.

आत्मरक्षणासाठी शस्त्र बाळगावे की नाही, हा निराळा आणि मोठा प्रश्न आहे. ज्यांच्या जीवास खरोखर धोका आहे, त्यांची गरज नाकारण्याचे कारण नाही. परंतु शस्त्र कमरेस लावले की ते रोज सोळा तास अंगावर असते, आणि ज्या संकटासाठी ते बाळगले ते बहुतेकांच्या आयुष्यात कधीच येत नाही. त्या कधी न येणाऱ्या क्षणाची तयारी करताना रोजच्या हजारो क्षणांची तयारी विसरली जाते. बुटाचे बंद बांधण्याचा क्षण, गाडीतून उतरण्याचा क्षण, मुलाने मिठी मारण्याचा क्षण, यांतच खरी परीक्षा असते.

जुन्या स्वाराने तलवारीबरोबर म्यानाचे ओझेही पत्करले होते. ते त्याला कधी जाचलेही असेल, पण घोड्याला, शेजाऱ्याला आणि स्वतःला जपण्यासाठी ते त्याने वागवले. पिस्तूल बाळगणाऱ्यास एवढेसे ओझे जड वाटत असेल, तर त्याने पिस्तूल घरी कुलपात ठेवून निघावे. त्यात कमीपणा नाही, आणि त्याच्या वाटेवरच्या माणसांना त्या दिवशी त्याच्यापासून तरी भय उरणार नाही.